क्लेव्हन टीगचं मुकं रीळ

१

रीळ चोरीला गेलं ते भर दुपारी, देवाच्या घरातून, आणि आम्ही सगळे बाहेर पेकनच्या झाडांखाली बसून कोंबडीच्या तंगड्या चोखत असताना. पिसगा चर्चमध्ये आजवर काही गेलंच नव्हतं असं नाही. एकदा दानाची पेटी गेली होती. एकदा पाद्रीसाहेबांची बायको गेली, पण ती आपल्या पायांनी. सिनेमाचं रीळ मात्र पहिल्यांदाच गेलं.

मी आयोला. माझा धाकटा भाऊ ऑर्विल, या परगण्यातल्या शेरीफचा पहिला काळा डेप्युटी. आता निवृत्त होऊन माझ्याकडे राहतो, माझं खातो आणि माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवतो. चौकशा करायची खोड अजून गेलेली नाही. माझ्या फ्रिजमधलं काही कमी झालं तरी उलटतपासणी माझीच घेतो.

तर ते रीळ. एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात, बाहेरची पोरं आम्हा काळ्यांची नावं मतदार यादीत नोंदवायला आली होती त्या उन्हाळ्यात, एक डच माणूस कॅमेरा घेऊन आमच्या गावात, पिन ओकला आला होता. ब्लूज, म्हणजे आमची गिटारीवरची दुःखाची गाणी गाणाऱ्यांचा आणि आम्हा शेतावरच्या माणसांचा सिनेमा काढायचा म्हणे. त्याने आम्हाला कापूस खुरपताना टिपलं, अंगणं झाडताना टिपलं, तळ्यातला बाप्तिस्मा टिपला आणि शेवटी गावच्या नावाजलेल्या गाणाऱ्याला, क्लेव्हन टीगला टिपलं. मग तो गेला. सिनेमाचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. पिन ओकमधून बाहेर गेलेलं काही परत येतं असा आमचा अनुभव नाही.

यंदा मात्र आलं. त्या माणसाची मुलगी मारायका, चाळिशीची, उन्हाने टोमॅटोसारखी लाल झालेली, बापाच्या तळघरात सापडलेले डबे घेऊन आली. दोनच रिळं धड उरली होती. दुसरी प्रत कुठेही नाही. रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या भिंतीवर चादर ताणली आणि तिने मशीन सुरू केलं.

काय सांगू! माती दिलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. माझा नवरा खांद्यावर बर्फाची लादी घेऊन हसत समोरून गेला, पंचविशीचा, पोट सपाट. मी तोंडात पदराएवढा रुमाल कोंबला. शनिवारची जत्रा होती ती. ढोल वाजत होते, धूळ उडत होती, आवाज असा की छाती धडधडावी. आणि त्या गर्दीत अर्लीन टीग, क्लेव्हनची बायको, आपल्या सहा वर्षांच्या पोरीच्या वेणीला रिबीन बांधत होती. बांधून झाल्यावर तिने पोरीच्या टाळूचा मुका घेतला.

त्याबरोबर लुवीनिया उठली आणि दार आपटून बाहेर गेली. ती पोर तीच होती.

पिन ओकमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या जत्रेनंतरच्या सोमवारी अर्लीन शिकागोची गाडी पकडून निघून गेली, नवऱ्याला आणि लेकराला टाकून. मंगळवारी डच माणसाने क्लेव्हनला त्याच्या ओसरीवर टिपलं. त्यानंतर क्लेव्हनने गिटारला हात लावला नाही. बाटलीला मात्र लावला आणि काही वर्षांत संपला. त्याच्या थोरल्या बहिणीने, व्हर्डेलने, पोर वाढवली. तिला मूलबाळ नव्हतं. लुवीनिया तिला डेलआई म्हणते, आणि आजही दोघी क्लेव्हनच्याच घरात राहतात.

दुसरं रीळ लागलं ते ओसरीचं. त्याची आवाजाची फीत ओल लागून कुजली होती, म्हणून ते मुकं. क्लेव्हन खुर्चीवर बसलाय, मांडीवर गिटार, मागे दार उघडं. तोंड उघडतंय, गळ्याच्या शिरा ताणल्यात, बोटं तारांवर पळतायत, आणि ऐकू येते फक्त मशीनची घरघर. मेलेला माणूस जीव तोडून काही सांगतोय आणि आपण सगळे बहिरे, असं वाटत होतं. 

जेवणाच्या वेळी लुवीनिया परत आली, डोळे सुजलेले. सगळ्यांदेखत मारायकाला म्हणाली, "जेवणं झाली की मला ते दुसरं रीळ दाखव. एकटीला. ती गेल्यावर पप्पांचं तोंड कसं दिसत होतं ते मला बघायचंय."

जेवणं झाली. मारायका आत गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. पहिलं रीळ जागेवर होतं. दुसऱ्याचा डबा रिकामा होता.

लुवीनियाने ऑर्विलची बाही धरली. "ऑर्विलकाका, शोधा ते. मी जन्मभर एकच विचारत आलेय, ती मला टाकून का गेली. आज उत्तराच्या जवळ आले होते आणि गाढवासारखी उठून गेले!"

"आईचं काही आठवतं तुला?" ऑर्विलने विचारलं.

"काही नाही. त्या दिवसांतलं एकच आठवतं. पप्पा आणि डेलआई मला पलंगाच्या वरून झेलत होते. पप्पांच्या हातातून तिच्या हातात, परत पप्पांकडे. मी खिदळत होते. बघा ना, बायको घर सोडून गेली आणि यांचा खेळ चाललाय! म्हणजे कशी बाई असेल ती, गेल्याचं कुणाला काही वाटलंच नाही."

ऑर्विल चर्चच्या रिकाम्या दाराकडे बघत राहिला.

२

पहिला संशय अर्थात होझियावर. डीकन होझिया टॉलिव्हर, ऐंशीचा, चर्चचा कारभारी आणि आधारस्तंभ. खांबासारखाच, वाकणं माहीत नाही. सैतानाची गाणी देवाच्या भिंतीवर नकोत म्हणून त्याने महिनाभर रान उठवलं होतं.

"मी चोर?" तो ऑर्विलवर खेकसला. "मला थांबवायचं असतं तर दारातच आडवा पडलो असतो. चोरून काय करू? आणि जेवण चाललं होतं तेव्हा मी कुठे होतो हे तुझ्या बहिणीलाच विचार. तिने तीनदा वाटी पुढे केली."

ते खरं होतं. होझिया आइस्क्रीमच्या लाकडी बादलीचा दांडा फिरवत होता. तो दांडा एकदा हातात घेतला की सोडता येत नाही, नाहीतर सगळं दगड होऊन बसतं. आणि भोवती पोरांचं मोहोळ. त्या पोरांच्या डोळ्यांदेखत तो माणूस शिंकला असता तरी गावाला कळलं असतं.

"त्या रिळात तुला काय दिसलं, होझिया?" ऑर्विलने शेवटी विचारलं.

"दारूची बरणी. क्लेव्हनच्या पायाशी. दुसरं काय दिसणार त्या घरात!"

दुसरा सॅटरफील्ड. मेम्फिसचा गोरा, गाण्यांच्या जुन्या तबकड्या आणि मेलेल्यांच्या गिटारी विकणारा. आमच्या म्हाताऱ्या बायकांच्या माळ्यावर त्याचा डोळा असतो. सकाळपासून मारायकाच्या मागे लागला होता, मला विका, मला विका. आम्हाला वाटलं, झालं, चोर सापडला. ऑर्विलने त्याला त्याच्या गाडीपाशी गाठलं आणि गाडीची डिकी उघडायला लावली. डिकीत तीन गिटारी आणि कुणाची तरी एक गंजलेली इस्त्री निघाली. रीळ नाही.

"डेप्युटी," सॅटरफील्ड घाम पुसत म्हणाला, "मी लबाड असेन, पण खुळा नाही. मुका ब्लूज कोण विकत घेईल? चोरायचंच असतं तर मी पहिलं रीळ चोरलं असतं. त्यात आवाज आहे. ते तर शेजारीच पडलं होतं!"

"तुम्हाला दुसऱ्यात काय दिसलं?"

"गिटार. चौथी तार नव्हती तिला. तुटलेल्या तारेवर वाजवत होता तो माणूस."

ऑर्विल घरी आला आणि खुर्चीत धपकन बसला. "ताई, तो लबाड खरं बोलला. ज्याने नेलं त्याला गाणं नको होतं. त्याला ते चित्र कुणाला दिसू द्यायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या चित्रात काहीतरी आहे, जे लुवीनियाला दिसू नये असं कुणाला तरी वाटतंय. आपण सगळे तिथे बसलो होतो. काय दिसलं आपल्याला?"

मी आठवून पाहिलं. मला क्लेव्हनचं तोंड दिसलं होतं, बस. मी त्याच्या ओठांवरून गाणं ओळखायचा प्रयत्न करत होते. सगळं चर्च तेच करत होतं. कान नसले की माणूस ओठांना चिकटतो.

मी त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला. त्याने एक घास घशाखाली घातला आणि भुवया उंचावल्या. "हा तुझा नव्हे. हा खाता येतोय."

"मेल्या, व्हर्डेलचा आहे तो. कॅरॅमल केक. अर्धा तसाच टाकून गेली चर्चच्या ताटात, मुंग्या लागत होत्या म्हणून मी उचलून आणला. म्हातारपण, दुसरं काय! नाहीतर ती बाई आपल्या पत्र्याच्या डब्यातून केक बाहेर काढायलासुद्धा तयार नसते. डब्यातच कापते आणि डब्यासकट घरी नेते. तो डबा तिच्या आईचा."

ऑर्विलचा हात तोंडाशी थांबला. "आणि आज केक ताटात होता?"

"होता की."

"मग डबा कुठे होता, ताई?"

३

मी म्हटलं, वेडा झालास का. व्हर्डेल शहाऐंशीची, डोळ्यांत मोतीबिंदू, काठी टेकत चालते. तिला रीळ कशाला हवंय? तिचाच भाऊ आहे त्यात.

"म्हणूनच तिच्याकडे आधी जायचं नाही," ऑर्विल म्हणाला. "आधी त्या डच पोरीकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारायका चर्चच्या पायरीवर डोकं धरून बसली होती. बापाची शेवटची आठवण गेली म्हणून रडत होती, ते बघून मला भरून आलं. मी तिला पाणी दिलं. ऑर्विलने तोच प्रश्न विचारला, त्या रिळात काय दिसतं.

"सगळं," ती म्हणाली. "मी ते इतकं पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतं. ओसरी, माणूस, बरणी, एक कुत्रं येऊन जातं. मागची खोली."

"खोलीत काय?"

"भिंतीवर पांढरं कापड टांगलंय. मला नेहमी वाटायचं, तुमच्याकडे धुणं घरात वाळत घालतात का? ऊन तर एवढं कडक!" ती कसनुसं हसली. "आणि फळीवर एक घड्याळ आहे. त्याने मला फार त्रास दिला. कुठला तुकडा आधी घेतला, कुठला नंतर, हे मी घड्याळ बघून लावणार होते. पण सावल्या सरकतात, आणि घड्याळ तिथेच. बंद पडलेलं असावं."

माझ्या हातातला पेला पडला. फुटला नाही, प्लास्टिकचा होता. पण ऑर्विलने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. 

"कापडाच्या मागे काय होतं?" त्याने हळूच विचारलं.

"चौकट. आरशाची असावी. एक कोपरा दिसतो."

तिला काय कळणार? ती परदेशची. पण आम्हाला कळलं. आम्ही तडक व्हर्डेलच्या घरी गेलो.

व्हर्डेल ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. लुवीनिया कामाला गेली होती. मी बाजूच्या खुर्चीत बसून निमूटपणे तिच्याबरोबर वाटाणे सोलू लागले. ऑर्विलने हॅट काढली. "व्हर्डेलबाई, सगळ्यांना विचारतोय, तुम्हालाही विचारतो. ओसरीच्या त्या रिळात तुम्हाला काय दिसलं?"

"मला?" ती हसली. "बाळा, मला तुझं नाक दिसत नाही, रीळ काय दिसणार! नुसता उजेड. मी डोळे मिटून ऐकत बसले. किती वर्षांनी माझ्या क्लेव्हनचा आवाज कानावर पडला. शेवटचं गाणं त्याचं. काय गायला पोरगा!"

"हो," ऑर्विल म्हणाला. "फार छान गायला."

मी वाटाण्यांकडे बघत राहिले. मान वर करायची हिंमत झाली नाही माझी.

४

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, ते रीळ तर मुकं होतं!"

"मुकं होतं. जो डोळे मिटून बसला असेल त्याला फक्त घरघर ऐकू आली असेल. आवाज नाही हे तिच्या लक्षात राहिलं नाही, याचा अर्थ ती ऐकत नव्हतीच. ती बघत होती. आणि बघताना इतकी हादरली की आवाज आहे की नाही याचंही भान राहिलं नाही." त्याने हॅट टेबलावर फेकली. "काल काल दुपारी लुवीनियाने सगळ्यांसमोर रीळ मागितलं. म्हातारी काठी टेकत आत गेली, केक ताटात उलटा केला, रीळ डब्यात घातलं. ती रोज चर्चमध्ये जाते-येते, तिच्याकडे कोण बघतंय? ताई, आता तू सांग. आरसा केव्हा झाकतात?"

"मला काय विचारतोस! माझा नवरा गेला तेव्हा मीच झाकला होता. घड्याळही मीच थांबवलं. नाही झाकला तर गेलेला जीव आरशात अडकतो आणि घर सोडत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे."

"म्हणजे त्या मंगळवारी त्या घरात सुतक होतं. कोण मेलं होतं?"

"कुणीच नाही! त्या आठवड्यात पिन ओकमध्ये मयत झालेलीच नाही. मी विसरेन का? झाली असती तर जेवण मीच नेलं असतं."

"घरात तिघं राहत होती. क्लेव्हन ओसरीवर गातोय. लुवीनिया आज इथे आहे."

 सोमवारच्या गाडीत अर्लीनला चढताना कुणी पाहिलं होतं? मी आठवायला लागले. कुणीही नाही. व्हर्डेलने सांगितलं आणि आम्ही मानलं. देखणी, हसरी, नटणारी बाई. ती नवरा टाकून गेली म्हटल्यावर आम्हाला आश्चर्य वाटलंच नाही. आम्ही चवीने चघळलं ते. देवा, किती वर्षं चघळलं!

"आणि तो पलंगावरचा खेळ," ऑर्विल म्हणाला. "मला तो उमगत नाहीये. तो कसला खेळ?"

तो मात्र मला उमगला. व्हर्डेलची आई इथली नव्हती, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची होती. त्या लोकांची एक रीत, जी आमच्यात कुणी करत नाही. मी लहान असताना त्यांच्या घरच्या एका मयतीत पाहिली होती. आई गेली की तिच्या लहान लेकराला शवपेटीवरून या हातातून त्या हातात द्यायचं, म्हणजे आईचा जीव लेकरासाठी मागे फिरत नाही.

मी ऑर्विलला सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला.

"ती लुवीनिया खिदळत होती," तो म्हणाला. "आणि खाली चादरीत तिची आई होती."

"क्लेव्हनने मारलं तिला?"

"दारू प्यायचा. संशय घ्यायचा. बहीण भावाला पाठीशी घालते, अजूनही घालतेय. दुसरं काय असणार?"

तिथे माझा हुशार भाऊ चुकला.

५

संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या लुवीनियाला आम्ही वाटेतच सांगितलं, जेवढं कळलं होतं तेवढं. मला वाटलं होतं, ती कोसळेल. ती पुढे चालायला लागली, इतक्या झपाझप की ऑर्विलला धाप लागली.

व्हर्डेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. चुलीवर पालेभाजी शिजत होती. लुवीनियाने काही विचारलं नाही. सरळ आतल्या खोलीत गेली, पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला आणि टेबलावर आणून ठेवला. झाकण काढलं. आत रीळ होतं, एका कडेला काळं पडून चुरमडलेलं.

"चुलीत घातलं होतं मी," व्हर्डेल म्हणाली. "मग वाटलं, क्लेव्हन जळतोय. हात घालून बाहेर काढलं."

तिच्या बोटांना फोड आले होते. सकाळी आमचं लक्ष गेलं नव्हतं, कारण वाटाणे सोलताना तिचे हात मांडीवरच्या सालींच्या ढिगात बुडालेले होते.

"व्हर्डेलबाई," ऑर्विल खाली बसत म्हणाला, "क्लेव्हनला जाऊन जमाना झाला. आता कुणी त्याला शिक्षा करणार नाही. अर्लीनचं काय झालं ते सांगून टाका."

म्हातारीने मान वर केली. "क्लेव्हनने? माझ्या भावाने उभ्या जन्मात त्या पोरीवर हात उगारला नाही. तो तर शेतावर होता."

चुलीवरची भाजी खदखदत होती. कुणी उठलं नाही.

"ती शिकागोला चालली होती हे खरं," व्हर्डेल सांगू लागली. आवाज अगदी सरळ, बाजारहाट सांगावा तसा. "तिचा भाऊ होता तिकडे. क्लेव्हन पीक निघालं की मागून जाणार होता, दोघांचं ठरलं होतं. मी आले तेव्हा ती मागच्या पायरीवर बसून हिला बूट घालत होती. मी म्हटलं, तू जा, पोरीला ठेव. तिथल्या थंडीत मरेल. ती म्हणाली, माझं लेकरू माझ्याबरोबर येणार. मी म्हटलं, कापूस खुरपायला जायचीस तेव्हा हिला कोण सांभाळायचं? हिचा ताप कोण काढायचं? मी! मला देवाने एक दिलं नाही, आणि तिने जे होतं तेही न्यायला काढलं."

"मग?" लुवीनिया म्हणाली.

"मग मी तुझा एक हात धरला. दुसरा तिने धरलेला. मी ओढत होते. ती सोडेना. मी म्हटलं सोड, ती म्हणाली नाही सोडणार. तू रडत होतीस. शेवटी मी जोरात हिसका दिला. तू माझ्याकडे आलीस आणि ती मागे गेली, पायऱ्यांवरून. खाली धुण्याची लोखंडी कढई होती. तिच्या काठावर डोकं आपटलं."

 कितीतरी वेळा मी त्या पायऱ्यांवर बसून व्हर्डेलशी गप्पा मारल्या होत्या.

"क्लेव्हन आला. तो डोकं आपटून घ्यायला लागला. मी त्याचे पाय धरले. म्हटलं, बायको गेली, आता बहिणीला फासावर देणार का? पोरीला कोण बघेल? अंजिराच्या झाडामागे पुरली आम्ही तिला. रीत सोडली नाही मी. आरसा झाकला, घड्याळ थांबवलं. तुला तिच्यावरून ओलांडून घेतलं. मेलेल्याच्या थडग्यावर ठेवतात तसा तिचा कप फोडून डोक्याशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गोरा कॅमेरा घेऊन दारात उभा. त्याला आधीच शब्द दिला होता. परत पाठवला असता तर विचारलं असतं, का. क्लेव्हन बसला आणि गायला. तुम्हाला वाटतं, तो त्या कॅमेऱ्यासमोर गात होता? तो तिची क्षमा मागत होता. नाव घेऊन मागत होता. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, छातीत धडकी भरलेली, की आता हे लोक विचारतील ही अर्लीन कोण. पण त्यांना वाटलं, गाणंच आहे. ब्लूजमध्ये बाई सोडून जातेच की."

"रीत!" लुवीनिया म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "रीत पाळलीस! कप फोडलास, आरसा झाकलास! आणि मला सांगितलंस की तिने मला टाकलं! मी दर वाढदिवसाला शिव्या घातल्या तिला. मला पोर झालं नाही तेव्हा म्हटलं, बरं झालं, मीही तिच्यासारखीच निघाले असते. तू ऐकत होतीस. तू मला जवळ घेऊन ऐकत होतीस!"

व्हर्डेल टेबलाची कड चाचपत राहिली.

"तिने सोडलं नाही म्हणालीस ना?" लुवीनियाने विचारलं. "परत सांग."

"नाही सोडलं."

"परत."

"नाही सोडलं गं तिने. मीच हिसकावलं."

लुवीनियाने स्वतःचा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला, मनगटापाशी, आणि तशीच डोळे मिटून उभी राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. दुःख होतं, पण त्याच्याखाली काहीतरी मोकळं झालं होतं. इतकी वर्षं एक टाकलेली पोर त्या घरात वावरत होती, ती आता तिथे नव्हती.

ऑर्विल उठला. शेरीफला कळवावंच लागेल, असं तो हलक्या आवाजात म्हणाला आणि फोन करायला अंगणात गेला. परत येऊन म्हणाला, उद्या सकाळी माणसं येतील, अंजिराच्या झाडामागे खणतील. पुढचं काय ते कोर्ट बघेल.

लुवीनियाने मान हलवली. मग तिने चूल बारीक केली, ताट घेतलं, भाजी वाढली. म्हातारीला दात नाहीत म्हणून मक्याचा पाव भाजीच्या पाण्यात कुस्करून दिला, ती रोज देते तसा. ताट तिच्यापुढे ठेवलं आणि फोड आलेल्या बोटांत चमचा नीट बसवून दिला.

"मी तिला चर्चमध्ये नेणार," ती म्हणाली. "दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर, घंटा वाजवून. होझिया डीकनने प्रार्थना म्हणायची आणि प्रत्येकाने तिच्या नावाने उभं राहायचं. आणि तू असेपर्यंत तुझं मीच करीन. तुला दोन वेळ मीच घालीन, मीच न्हाऊ घालीन. माझा ताप तू काढलास, ते मी विसरणार नाही. पण मला आई होती. तेव्हा आजपासून तुला आई म्हणणार नाही." तिने पाण्याचा पेला ताटाजवळ सरकवला. "जेवून घे, आत्या."

खून सांगताना म्हातारीचा आवाज हलला नव्हता. आता मात्र तिने चमचा खाली ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ती मोठ्याने रडू लागली. लुवीनिया तिच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली.